कृष्णधवल छपाईसाठी फिल्म आणि कागद: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या न्हाणीघरात काळे पडदे लावून मी फोटो छापते. कुणाला आजोबांचा कॅमेरा माळ्यावर सापडलेला असतो, कुणी कॉलेजात शिकत असतं, कुणाला गड्ड्याच्या यात्रेचे (सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेचे) फोटो एकदा तरी खऱ्या कागदावर बघायचे असतात. ही मंडळी भेटली की प्रश्न साधारण तेच असतात. उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पुस्तकात बहुतेक गोष्टी २० अंश तापमान आणि अखंड वाहतं पाणी गृहीत धरून सांगितलेल्या असतात. सोलापुरात दोन्ही नाहीत, म्हणून इथली उत्तरं थोडी वेगळी पडतात.

आधी फिल्म ठरवू की कागद?

कागद. जवळजवळ सगळेच उलट करतात आणि तिथेच अडकतात.

भर उन्हातल्या दृश्यात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागेच्या उजेडात हजारपटीचा फरक सहज असतो. भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली दुपारी उभं राहून बघा: एका बाजूला अंगावर येणारं ऊन, दुसऱ्या बाजूला काळ्या दगडाची सावली. आता चकचकीत फोटोपेपर हातात घ्या. त्यावरचा कोरा पांढरा आणि गडद काळा यांच्यातला फरक शंभरपटीच्या आसपास संपतो. मॅट कागदावर तर त्याहून कमी. हजारातलं शंभरात बसवण्याचं बरंचसं काम निगेटिव्हला करावं लागतं, आणि किती बसवायचं ते कागद सांगतो. शिंपी आधी माप घेतो, मग कात्री लावतो. इथे माप कागदाचं.

म्हणून एक कागद धरा आणि निदान सहा महिने सोडू नका. त्याच्या दोन नंबर ग्रेडवर तुमची बहुतेक निगेटिव्ह सहज छापली जावीत, हे उद्दिष्ट ठेवा. ग्रेड म्हणजे कागदावर काळ्या-पांढऱ्यातला फरक किती मऊ किंवा करारी येतो ते. छापताना फिल्टर लावून तो बदलतात. दरवेळी चार नंबरचा फिल्टर लावावा लागत असेल तर रोल कमी डेव्हलप होतोय, वेळ वाढवा. दरवेळी शून्य-एक लावावा लागत असेल तर जास्त डेव्हलप होतोय, वेळ कमी करा. तीन-चार रोलमध्ये जमतं. फिल्म बदलण्याची गरज त्यानंतरही वाटली तर जरूर बदला. माझ्या अनुभवात बहुतेकांना ती वाटत नाही.

ठीक आहे, पण पहिल्यांदा नेमकं काय विकत आणू?

इलफर्ड एचपी५ प्लसचे पाच रोल, आणि इलफर्ड मल्टिग्रेड आरसी डीलक्स कागद, ८ बाय १० इंच, पर्ल पृष्ठभाग, पंचवीस कागदांचं पाकीट. सोबत मल्टिग्रेडच्या फिल्टरांचा संच.

हे महाग वाटत असेल तर फिल्म केंटमियरची घ्या. तीही इलफर्डवाल्या हारमन कंपनीचीच आहे, दर उतरता असतो. चेक प्रजासत्ताकातल्या फोमाची फिल्म आणि कागदही चांगले आहेत. ती कंपनी १९२१ पासून या धंद्यात आहे. पैसे वाचवायचे तर फिल्मवर वाचवा, कागदाच्या संख्येवर नको. शिकताना एका चांगल्या फोटोमागे चार-पाच कागद जातात आणि ते जायलाच हवेत.

पाच प्रकारच्या फिल्म एकेक रोल आणू नका. हे मी प्रत्येकाला सांगते. पाच रोल पाच तऱ्हेचे आले की काय चुकलं तेच कळत नाही.

सोलापुरात एवढं ऊन असताना ४०० ची फिल्म कशाला? १०० ची पुरणार नाही का?

हा आकडा म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते. उन्हात १०० ची पुरते, आणि नुसतं उन्हातच काम करणार असाल तर १०० किंवा १२५ चीच घ्या. जुना हिशोब लक्षात ठेवा: स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६, आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याएवढा. म्हणजे १२५ च्या फिल्मला १/१२५. ४०० च्या फिल्मला १/५०० लागतो, आणि तोच कित्येक जुन्या कॅमेऱ्यांचा शेवटचा वेग असतो. मग मोठं छिद्र ठेवून मागचा भाग धूसर करायचा म्हटलं तर जागाच उरत नाही.

इलफर्ड एफपी४ प्लस १२५ ची आहे. ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) बारीक, चूक पोटात घालणारी, आणि मला कागदावर तिचे मधले करडे सगळ्यात जास्त आवडतात. फोमापॅन १०० स्वस्त आहे आणि जरा जुन्या वळणाची दिसते.

पण सोलापूर म्हणजे फक्त ऊन नव्हे. पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जा. वर दोन-चार ट्यूबलाइट, हवेत कापसाची तूस, माग सतत हलणारा. तिथे ४०० सुद्धा अपुरी पडते. मी एचपी५ तिथे १६०० वर वापरते आणि जास्त वेळ डेव्हलप करते. आयडी-११ डेव्हलपर न मिसळता वापरला तर २० अंशांना ४०० साठी साडेसात मिनिटं, ८०० साठी साडेदहा आणि १६०० साठी १४ मिनिटं. सावल्या जातात, ग्रेन वाढतो, पण माग चालवणाऱ्याचे हात स्पष्ट मिळतात. शेडमध्ये मला तेवढंच हवं असतं.

दोन्हीकडे फिरणाऱ्याने ४०० घ्यावी. तिचा ग्रेन ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून ८ बाय १० छापताना दिसतो, कारण तिथे सातपटीहून जास्त मोठं करावं लागतं. मला तो खुपत नाही. चांगल्या कागदावर तो खादीच्या पोतासारखा वाटतो.

गड्ड्याच्या यात्रेत पांढरे कपडे सगळे जळून जातात. फिल्म चुकीची आहे का?

फिल्म ठीक आहे, उजेड मोजणारा मीटर फसतोय आणि डेव्हलपिंग जास्त होतंय.

संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक निघते. सातही काठ्या धरणारे आणि सोबतचे भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. जानेवारीचं सकाळचं तिरपं ऊन त्या पांढऱ्यावर पडलेलं, चेहरे सावळे आणि फेट्याच्या सावलीत. कॅमेऱ्याचा मीटर एवढा पांढरा पाहून सगळं करडं करू बघतो, उजेड कमी देतो. मग चेहरे कोळसा होतात. ते उजळायला म्हणून आपण रोल जास्त वेळ ठेवतो, आणि बाराबंदी निगेटिव्हवर इतकी दाट होते की कागदावर तिथे काहीच उमटत नाही.

मी असं करते. मीटर चेहऱ्यावर लावते, किंवा आपल्याच तळहातावर लावून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड देते. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. सावळा चेहरा त्या करड्याच्या जवळ असतो, म्हणून थेट चेहऱ्याचं मोजमाप जवळजवळ तसंच चालतं. तळहात धरायचा तर त्याच उजेडात, त्याच दिशेला धरा. मीटरने १/५०० सांगितला तर १/२५०. मग पूर्ण रोल नेहमीपेक्षा १५ टक्के कमी वेळ डेव्हलप. निगेटिव्ह जरा मऊ येते, पण बाराबंदीच्या बंदांच्या गाठी आणि घड्या तिच्यात शिल्लक राहतात. छापताना दोन किंवा अडीच नंबर, आणि मूळ उजेड दिल्यावर पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त कपड्यांवर आणखी थोडा उजेड. कापडाच्या घडीत पहिली करडी रेघ डेव्हलपरमध्ये वर येताना दिसते, त्या क्षणासाठी मी हे सगळं करते.

इलफर्ड, कोडॅक, फोमा: कागदावर फरक खरंच दिसतो का?

दिसतो, पण लोक समजतात तितका नाही. कोडॅकची ट्राय-एक्स आणि एचपी५ शेजारी ठेवल्या तर ट्राय-एक्सचे मधले करडे थोडे करारी दिसतात. टी-मॅक्स आणि डेल्टा या नव्या घडणीच्या फिल्म. त्यांचे चांदीचे कण चपटे, त्यामुळे ग्रेन फारच बारीक. मात्र डेव्हलपिंगच्या वेळेत किंवा तापमानात चूक झाली तर त्या माफ करत नाहीत, आणि फिक्सरमध्येही (प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणात) जास्त वेळ मागतात. इथल्या उन्हाळ्यात नवशिक्याच्या हाती त्या देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फोमापॅन ४०० चा आकडा जरा आशावादी आहे. मी ती २०० किंवा २५० धरून वापरते, सावल्या नीट भरतात. आणि रात्री तलावाकाठून सिद्धेश्वर मंदिराची रोषणाई टिपायची असेल तर फोमा नको. लांब वेळेच्या उजेडाला ती फार मंदावते: मीटरने १० सेकंद सांगितले तर फोमापॅन १०० ला प्रत्यक्षात ८० द्यावे लागतात. एचपी५ ला तिथे २० सेकंदांत भागतं.

सोलापुरी चादरीचा फोटो काढला, नक्षीच गायब! असं का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर चादर पुढ्यात पसरून देता येतं.

गडद लाल पट्टा आणि त्यावर बाटलीहिरवी नक्षी. डोळ्यांना दोन्ही कडाडून वेगळे. पण कृष्णधवल फिल्मला फक्त किती उजेड आला तेवढंच कळतं, आणि हे लाल आणि हे हिरवं जवळपास सारखाच उजेड परत पाठवतात. फिल्मवर दोन्ही एकाच करड्याचे. मग कागदाचा ग्रेड कितीही चढवा, जे निगेटिव्हमध्ये वेगळं नाही ते कागदावर वेगळं होत नाही.

उपाय लेन्ससमोर आहे. नारिंगी किंवा लाल फिल्टर लावा: लाल पट्टा फिका होतो, हिरवी नक्षी काळी पडते. हिरवा फिल्टर लावा: बरोबर उलट. नक्षी उठून हवी की पट्टा, तुम्ही ठरवा. पिवळ्या फिल्टरला साधारण एक स्टॉप, नारिंगीला दोनच्या आसपास आणि गडद लालला तीन स्टॉप उजेड जास्त द्यावा लागतो. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधून मोजत असेल तर तो हे बऱ्याच अंशी धरून चालतो.

हेच माणसांच्या फोटोला लागू आहे. लाल फिल्टर लावून आजीचा फोटो काढलात तर कपाळावरचं कुंकू पुसल्यासारखं दिसेल. असा फोटो कुणाला भेट देऊ नका. उलट ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही, तिच्यावर कुंकू काळंभोर येतं, ओठ गडद होतात, उन्हाने रापलेली कातडी आणखी रापते. खूप जुन्या फोटोंत कुंकू टिकलीएवढं काळं दिसतं त्याचं हेच कारण. इलफर्डची ऑर्थो प्लस आजही मिळते, उन्हात ८० ची धरतात आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात ४० ची. शेतकऱ्याचा किंवा विणकराचा सुरकुतलेला चेहरा तिच्यावर फार प्रभावी येतो, पण आधी त्या माणसाला कसा फोटो हवाय ते विचारा.

आरसी कागद घेऊ की फायबर?

आरसी म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असलेला. फायबर म्हणजे खरा कागद, त्यावर बारायटाचा पांढरा थर आणि वर चांदीचं इमल्शन, म्हणजे प्रतिमा उमटणारा लेप. फायबरचा काळा खोल दिसतो, हातात वजन जाणवतं, आणि नीट धुतला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. घरात लावायच्या खास फोटोसाठी मी फायबरच वापरते.

पण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. फायबरमध्ये फिक्सर कागदाच्या तंतूंत मुरतो. तो काढायला वाहत्या पाण्यात तासभर ठेवावं लागतं. आरसीला दोन मिनिटं पुरतात. चार फायबर फोटोंसाठी तासभर नळ सोडायचा आणि शेजारी टँकरची वाट बघत असायचे, हे मला जमत नाही.

म्हणून फायबरसाठी माझी पद्धत अशी: फिक्सरनंतर एका ट्रेत पाच मिनिटं धुणं, मग लिटरला २० ग्रॅम सोडियम सल्फाइट घातलेल्या पाण्यात १० मिनिटं हलवत ठेवणं, मग स्वच्छ पाण्याचे पाच-सहा ट्रे, प्रत्येकात पाच मिनिटं, प्रत्येक वेळी पाणी पूर्ण बदलून. सल्फाइट फिक्सरला कागदातून सुटायला मदत करतं. पंधरा-वीस लिटरांत काम होतं, आणि शेवटचे ट्रे पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरता येतात.

रोल धुण्यालाही वाहतं पाणी लागत नाही. रोल असलेली डेव्हलपिंगची छोटी टाकी पाण्याने भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. ही इलफर्डचीच सांगितलेली रीत आहे, इमल्शन कडक करणारा फिक्सर वापरला नसेल तर पुरेशी आहे. एका ३५ मिलिमीटर रोलला लिटरभर पाणी.

फायबरची दुसरी अडचण वाळवण्याची. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तो सुकताना पापडासारखा वळतो. मी जुन्या मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणून घेतली आहे. तिच्यावर फोटो पालथे ठेवते, खिडकी बंद, पंखा बंद, रात्रभर. सकाळी जाड पुस्तकांखाली दोन दिवस.

शिकताना आरसी, जपून ठेवायच्या फोटोला फायबर. दोन्ही एकाच कंपनीचे मल्टिग्रेड घेतले तर फिल्टरांचा अंदाज बराचसा जुळतो.

मल्टिग्रेड म्हणजे काय? पूर्वी तर मऊ, नॉर्मल, हार्ड असे वेगळे डबे मिळायचे.

हो, आणि स्टुडिओत तिन्ही ठेवावे लागत. मल्टिग्रेड कागदात एकाच पानावर हे सगळं आहे. हिरव्या उजेडाने मऊ प्रतिमा येते, निळ्याने करारी. पिवळा फिल्टर निळा उजेड अडवतो म्हणून फोटो मऊ. गुलाबी-जांभळा फिल्टर हिरवा अडवतो म्हणून करारी. इलफर्डने असा कागद १९४० मध्येच आणला होता. संचात ००, ०, ½ असे ५ पर्यंत बारा फिल्टर असतात. ३½ पर्यंत उजेडाची वेळ तीच राहते, ४ पासून दुप्पट करा. फिल्टर न लावता कागद साधारण दोन नंबरसारखा वागतो.

एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) कंडेन्सरचा, म्हणजे उजेड एकवटणाऱ्या भिंगांचा, आहे की दुधी काचेचा, हेही बघा. कंडेन्सरवर तीच निगेटिव्ह अर्धा ते एक ग्रेड करारी छापली जाते. मित्राकडे छान आलेला फोटो आपल्याकडे भडक आला तर आधी हेच कारण शोधा.

चकचकीत, पर्ल की मॅट?

पर्ल. बोटांचे ठसे दिसत नाहीत, काचेखाली झळकत नाही. चकचकीतात काळा सर्वांत खोल, पण धूळही दिसते. मॅट सुंदर दिसतो, मात्र त्याचा काळा फिका असल्याने निगेटिव्ह चांगली दणकट हवी.

उन्हाळ्यात रोल धुवायचा तरी कसा?

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी पार करतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल असं येतं. काही वर्षांपूर्वी मी मे महिन्यातल्या दुपारी बहिणीच्या डोहाळजेवणाचा रोल धुतला. डेव्हलपर बर्फाने थंड करून व्यवस्थित २४ अंशांवर आणला, फिक्सरही. धुताना मात्र रोलची टाकी सरळ नळाखाली धरली. रोल उघडला तेव्हा फिल्मच्या कडेचं इमल्शन सुटून लोंबत होतं, आणि मधल्या चौकटींवर उन्हात भेगाळलेल्या शेतासारखी बारीक जाळी उमटली होती. ताईचा एकही चेहरा धड नाही. तो दिवस परत येणारा नव्हता.

तेव्हापासून नियम पक्का: डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळी पाणी एकाच तापमानाची. दोन-तीन अंशांपेक्षा फरक नको. तापमान २० नाही तरी चालेल, सारखं हवं.

सगळ्यात सोपी सोय रांजण. आदल्या रात्री रांजण भरून सावलीत ठेवला की कोरड्या हवेत पाणी पाझरून छान गार होतं. माझ्या थर्मामीटरवर सकाळी २५-२६ अंश दिसतात. ते पाणी एका घमेल्यात घेऊन त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या उभ्या करायच्या. घमेल्यात बर्फाच्या दोन पिशव्या सोडल्या की अर्ध्या तासात २४ वर येतं. बर्फ बाटलीत घालायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. आणि काम पहाटे करा.

तापमान वाढलं की वेळ कमी. एचपी५ ला आयडी-११ एकास एक पातळ करून २० अंशांना १३ मिनिटं, तर २४ ला सुमारे ९. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली तर डेव्हलपिंग डागाडागांचं होतं, म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर नेहमी पातळ करून वापरा. कागदाचं तसं नाही, तो तीस अंशांनाही निभावून नेतो, फक्त लवकर वर येतो.

फिल्म वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात.

बोअरच्या पाण्याचा खार. शेवटची बुडवणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, बॅटरीच्या दुकानात डबा मिळतो. त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. बोटांनी पुसू नका.

केमिकल सोलापुरात मिळतात का?

फोटोची तयार पाकिटं बहुतेक पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात. पण सुट्टी रसायनं प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात, आणि डी-७६ हा डेव्हलपर घरी बनवणं अवघड नाही: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. याच क्रमाने, कोमट पाण्यात. पहिलं मेटॉल पूर्ण विरघळू द्या. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. स्टॉप बाथला (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणाला) किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चालतं, लिटरला १५ ग्रॅम.

एक सावधगिरी खास आपल्या गावासाठी. इथे रंगकाम करणारे बरेच आहेत आणि त्यांच्या दुकानांत 'हायड्रो' नावाची पांढरी पूड असते. ते सोडियम हायड्रोसल्फाइट, व्हॅट रंगांसाठीचं. आपल्याला हवं ते हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खड्यांचं. नाव सारखं ऐकू येतं, काम पूर्ण वेगळं. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून न्या. लिटरला अडीचशे ग्रॅम हायपो घेतलं की साधा फिक्सर होतो. डेव्हलप न केलेल्या फिल्मचा तुकडा त्यात टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्या.

घरात जुना 'इंदू' कागदाचा डबा सापडला. चालेल का?

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा तो कागद. १९६० मध्ये सरकारने ही कंपनी स्थापन केली आणि देशभरातल्या स्टुडिओंनी तिचा माल वर्षानुवर्षं वापरला. कारखाना आता बंद आहे. डबा जपा, आणि वापरण्याआधी तपासा: पूर्ण अंधारात एका कागदाच्या दोन पट्ट्या करा. एक सरळ फिक्सरमध्ये टाका, दुसरी डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं ठेवून मग फिक्सरमध्ये. उजेडात शेजारी ठेवा. दुसरी करडी झाली असेल तर कागद वयाने धुरकटला आहे. थोडा करडा असेल तर डेव्हलपरमध्ये चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घालून बघा. फारच करडा असेल तर छपाईला नको, पण डबा टाकू नका.

नवा कागद घेतानाही डब्याचं सील बघा. एका दुकानदाराने माझ्यासमोर "पंचवीस आहेत ना, मोजून देतो" म्हणत काळी पिशवी ट्यूबलाइटखाली उघडली होती. पैसे दिलेले होते, कागद सगळा गेला.

आजोबांचा आग्फा क्लिक थ्री आहे. त्यात कोणती फिल्म?

१२० ची, बारा चौकोनी फोटो येतात. वेग आणि छिद्र जवळजवळ ठरलेलं, आणि तेही हळू फिल्मच्या काळातलं. म्हणून १२५ पेक्षा वेगवान फिल्म घालू नका, एफपी४ किंवा फोमापॅन १०० उत्तम. मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, आकडा बघायला क्षणभर सावलीत उचला. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल उजेड दिसत नव्हता, आजच्या फिल्मला दिसतो. छापायला एन्लार्जरवर ७५ किंवा ८० मिलिमीटरची लेन्स लागेल, ३५ साठीची ५० ची चालणार नाही.

लाल दिवा कुठलाही चालतो का?

नाही, तपासा. एका कागदाला एन्लार्जरखाली इतका थोडा उजेड द्या की तो डेव्हलप केल्यावर फिकट करडा येईल. मग त्यावर नाणं ठेवून दिव्याखाली पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा धोक्याचा. दूर टांगा किंवा बदला. रोल डेव्हलपिंगच्या टाकीत भरताना मात्र कोणताच दिवा नाही.

फिल्म-कागद फ्रिजमध्ये ठेवू का?

ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात. बाहेर काढल्यावर दोन तास डबा उघडू नका, पावसाळ्यात तर नक्कीच नाही, आत दव धरतं. उन्हात उभ्या गाडीत एकही रोल विसरू नका.

रोल धुवायची सोय नाही, फक्त छापायचं आहे.

इलफर्ड एक्सपी२ सुपर घ्या. ती कृष्णधवल असूनही रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाते, त्यामुळे रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या कुठल्याही लॅबला चालते. छापायला मल्टिग्रेडवर एरवीसारखीच.

कागद फार वाया जातो. काय करू?

आधी कॉन्टॅक्ट शीट. छत्तीस फोटोंचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत ८ बाय १० च्या एका कागदावर मावतो. भिंग लावून बघा आणि फक्त दोन किंवा तीन निवडा. मोठं करताना पूर्ण कागद लावण्याआधी दोन बोटं रुंदीची पट्टी कापा आणि ती आकाशावर नाही, चेहऱ्यावर ठेवा. ५, ७, १०, १४ सेकंद अशा पायऱ्या द्या. ओली पट्टी नेहमी जरा उजळ वाटते, वाळल्यावर गडद होते, फायबरवर तर जास्तच. म्हणून पट्टी पुसून, बाहेरच्या साध्या उजेडात नेऊन मगच ठरवा.

आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा: फिल्म, डेव्हलपर, तापमान, फिल्टर, सेकंद, एन्लार्जरची उंची. माझ्या वहीत पहिल्या पानावर अजून लिहिलेलं आहे: "एचपी५, २४ अंश, ९ मि., फिल्टर २½, एफ/८, ११ से., बाराबंदीला आणखी ६." त्या आकड्यांवर तोच फोटो मी गेल्या संक्रांतीला पुन्हा छापला, आणि दुसऱ्याच कागदाला जमला.